तिसरा ड्रम अखेर तापला: म्हशीचं शेण, भर पावसात 58 अंश

चौथ्या दिवशी सकाळी थर्मामीटरचा काटा 58 वर! तोही जुलैत, गच्चीवर शेणखत कुजवायच्या 200 लिटरच्या ड्रममध्ये. पहिले दोन ड्रम 38-40 च्या पुढे सरकलेच नव्हते.

घोळ पाण्याचा होता. तबेल्यात जमीन नळीने धुतात, त्यामुळे गोरेगाव-जोगेश्वरीकडचं शेण हातात येतं तेच पातळ. ताज्या शेणात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, कुजायला हवं 50 ते 60. त्यापेक्षा जास्त झालं की पोकळ्या भरतात, हवा संपते आणि कुजण्याऐवजी सडायला लागतं. दुसऱ्या ड्रममध्ये ओल शोषायला कोकोपीट घातलं, तिथेच फसलं. कोकोपीट पाणी पितं खरं, पण बारीक असल्याने दाबून बसतं आणि लगदा आणखी घट्ट होतो.

या वेळी शेण दोन दिवस पत्र्याच्या शेडखाली गोणपाटावर पसरून निथळवलं. ड्रमच्या तळाला नारळाच्या सोडणांचा वीतभर थर, मधोमध भोकं पाडलेला 3 इंची पीव्हीसी पाइप. मग शेणाच्या एका टोपल्याला तीन टोपली सुका पाला. हा पाला मार्च-एप्रिलमध्येच गोण्यांत भरून ठेवायला हवा, पावसाळ्यात तो कुठून आणणार? मूठ आवळली की एक-दोन थेंब यावेत, धार नको. ड्रमला बाहेरून गोणपाटाचे दोन फेरे, कारण एवढ्याशा ढिगाची ऊब बाजूंनीच निघून जाते.

रोगजंतू आणि तणाचं बी मरायला 55 च्या वर सलग तीन दिवस हवेत. पण मध्ये 58 असताना कडेला जेमतेम 42! म्हणजे कडेचा चार बोटं थर कच्चाच. म्हणून उलथताना कडेचं आत, आतलं बाहेर, आणि पुन्हा तीन दिवस 55 च्या वर. अशा तीन फेऱ्या ठरल्यात, दोन झाल्या. पालक-कोथिंबिरीसाठी यात सूट नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यावर मातीला टेकणारी भाजी काढायला 120 दिवस थांबावं लागतं, ते याचमुळे.

दांडा लांब असलेला डायल थर्मामीटरच घ्या. ओल, सामू वगैरे एकत्र मोजणारं तीन कामांचं स्वस्त मीटर शेणात वाट्टेल ते दाखवतं. नर्सरीतल्या एका 'कुजलेल्या शेणखता'ची मूठ ग्लासभर पाण्यात ढवळली, तळाला दोन बोटं रेती बसली. गोणी घेण्याआधी एवढं कराच.

दुसऱ्या ड्रममध्ये गेंड्या भुंग्याच्या अळ्या निघाल्या, अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, वळलेल्या. आता झाकणाखाली मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली आहे.

तिसऱ्या फेरीनंतर 40 दिवस मुरवायचं. मग अर्धं खत, अर्धी माती घेऊन 10 मेथीदाणे पेरायचे. पाच दिवसांत आठ उगवले तर खत तयार. ऑक्टोबरच्या वांगी-टोमॅटोला चार भाग मातीला एक भाग.

लेंडीखत थेट कुंड्यांत घालायचा बेत होता, पण कवच टणक असल्याने लेंड्या महिनोन् महिने तशाच राहतात. हे लिहितानाच सुचलं: लेंड्या 24 तास भिजवून ठेचायच्या आणि या तापलेल्या ड्रममधलं दोन टोपली खत विरजण म्हणून घालायचं. लेंडी मुळात कोरडी, तेव्हा पाला एकास एक घेऊन बघू. दुसरा ड्रम उद्याच धुवायला काढतो.