मॅकिंटॉशमधला 'के'

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवला तो श्रुतलेखनात गेलेला माझा अर्धा गुण. नववीत इंग्रजीच्या सरांनी 'मॅकिंटॉश' हा शब्द घातला होता आणि मी त्यातले 'के' हे अक्षर गाळले होते. अर्थ विचारताच मी 'रेनकोट' असे सांगितले, तेव्हा सर म्हणाले, "अर्थ बरोबर आहे, पण मुळात हे एका माणसाचे आडनाव, आणि गंमत म्हणजे त्याच्या आडनावात 'के' नव्हताच." अर्धा गुण मात्र त्यांनी परत दिला नाही.

बाहेर कोकणातला आषाढ कोसळत होता आणि पडवीत आमच्या घोंगड्यांच्या खोळी निथळत होत्या. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना उरणाऱ्या डांबरातून नॅफ्था मिळतो आणि त्यात रबर विरघळते, हे हेरून ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनतज्ज्ञाने त्या द्रावाचा थर दोन कापडांच्या मध्ये दाबला आणि १८२३ मध्ये त्याचे पेटंट घेतले, ही हकिकत सरांनी त्या पावसाच्या आवाजावर आवाज चढवून सांगितली. शिंप्याची सुई जिथे जिथे घुसे तिथून पाणी आत येई, थंडीत कोट पुठ्ठ्यासारखा ताठ होई, उन्हात चिकटे आणि त्याला वासही येई. गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती १८४० च्या सुमारास सापडली, तेव्हा कुठे तो धड वापरता येऊ लागला. "आपल्या मेणकापडाच्या नावातच ते कशाचे ते कळते, इंग्रजांनी मात्र सरळ माणूसच पांघरला," असे सर म्हणाले आणि वर्ग हसला.

पुढे मी परिचारिकेच्या प्रशिक्षणाला मुंबईला गेले. वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी सिस्टरांनी "चार नंबरच्या खाटेवर मॅकिंटॉश घाल" असे फर्मावले आणि मी भाबडेपणाने भिंतीवरच्या खुंट्यांकडे कोट शोधू लागले. त्यांनी माझ्या हातात गादी भिजू नये म्हणून चादरीखाली अंथरायचा रबरी तुकडा ठेवला. इंग्रजीत हा शब्द कोटाला लावतात तसा त्या कापडालाही लावतात, हे मला तेव्हा उमगले. निवृत्त होईपर्यंत भांडाराच्या मागणीवहीत हा शब्द मी असंख्य वेळा लिहिला, आणि प्रत्येक वेळी 'के' घालूनच लिहिला.