लंगोट, बोअरचं पाणी आणि रिठे

बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि त्याच्या पाठीपोटावर बारीक लाल पुरळ उठलं. आई म्हणाली, "घामोळं असेल गं." जानेवारीत कुठलं घामोळं! डॉक्टरांनी बाळाला उपडं केलं, मानेच्या, मांडीच्या वळ्या उघडून पाहिल्या. तिथली कातडी स्वच्छ. "जिथं कापड घासतंय तिथंच उठलंय, वळ्यांत नाही. कपडे कशानं धुता?" त्यांनी विचारलं.

बाळंतपणाला मी माहेरी, लातूरला आले होते. घरची नेहमीची पावडर, तीही चांगली मूठभर, आणि शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण. वास आला म्हणजे स्वच्छ झालं, असा आमचा हिशेब. डॉक्टरांनी जंतुनाशक आधी बंद करायला लावलं. पुढे म्हणाले, "बिनवासाचं, सौम्य काहीतरी आणा."

बिनवासाचं! दुकानात बाळाचं चित्र असलेल्या बाटल्या होत्या, लिटरला साडेतीनशेच्या घरात, आणि झाकण उघडून हुंगावं तर आत अत्तराचं दुकान. आमचे दिवसाला वीस-बावीस लंगोट, शिवाय दुपटी, झबली. एवढ्या महागाची बाटली किती दिवस पुरणार? मग मी मागचा बारीक मजकूर वाचायला लागले. 'ऑप्टिकल ब्रायटनर' बऱ्याच ठिकाणी सापडलं. ते मळ काढत नाही, कापडावर बसून निळसर चमकतं, म्हणून पांढरं जास्त पांढरं दिसतं. गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. पिशवीत एक धुतलेला लंगोट होता, आजोबांच्या जुन्या धोतराचा. तो दिव्याखाली धरला तर निळा लख्ख पेटला. दुकानदार काका म्हणाले, "नोट खोटी आहे ताई, चालायची नाही." (नव्या कापडात ब्रायटनर गिरणीतूनच आलेलं असतं, तेव्हा या परीक्षेवर फार विसंबू नये.)

रिकाम्या हाती परतले, तर आईनं रिठे काढले. तिची पैठणी त्यातच धुतली जाते. बिया काढून दहा-बारा रिठे रात्री भिजत घातले, सकाळी उकळून गाळले. झबल्यांना उत्तम. पण शीच्या लंगोटाला रिठ्याची ताकद पुरेना, पांढऱ्यावर तपकिरी झाक यायला लागली, आणि ते पाणी चौथ्या दिवशी आंबलं. एकदा शिंतोडा माझ्या डोळ्यात गेला, अर्धा तास नळाखाली होते. मग अंगाच्या साबणाची वडी करून पाहिली. आमच्या बोअरच्या पाण्यात फेस होईना, नुसता पांढरा साका, आणि लंगोट वाळले की पापडासारखे कडक. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाला धरतो आणि तो साका धाग्यात अडकून बसतो.

खरी गोम एका रात्री कळली. वाळून घडी घातलेला, जुन्या पावडरीत धुतलेला लंगोट मी सहज स्वच्छ पाण्यात बुडवून चोळला. फेस आला! म्हणजे पावडर सौम्य की कडक हा प्रश्न नंतरचा, आम्ही ती कापडातून काढतच नव्हतो. आणि काढणार कशी? लातूरला पाणी जपूनच वापरतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर, तिथं कपडे चार-चार पाण्यांतून काढा म्हणणं आईच्या जिवावर येणारच.

शेवटी जमलं ते असं. साधं लिक्विड घेतलं, ब्रायटनर नसलेलं, वास अगदी मंद. बादलीला एकच लहान चमचा. शी आधी गार पाण्यात काढून टाकायची, मग भिजवायचं. पहिली दोन पाणी बोअरची, शेवटचं नळाचं. मांजरा धरणाचं हे पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्यातली एक घागर बाळाच्या नावानं बाजूला. शेवटच्या पाण्यात फेस दिसला तर आणखी एकदा. मऊपणासाठी वासाचं कंडिशनर घालायचं नाही, त्यानं लंगोट शू शोषायचा कमी होतो. पिवळे डाग घासत बसले नाही, गच्चीवरच्या उन्हात दोन दिवसांत ते आपोआप फिके पडतात.

महिन्याला शंभर-सव्वाशेत भागायला लागलं. पुरळ आठवड्याभरात विरलं. जंतुनाशकाची ती बाटली आई आता फरशी पुसायला वापरते, पण पुसताना अजून म्हणते, "वास कसा छान येतो बघ."