आधी आजारी असल्याचं लिहून आणा

मला एचआयव्ही आहे. सरकारी पगाराच्या अर्जामागे फिरताना मला चौथ्या महिन्यात कळलेली गोष्ट पहिल्यांदा सांगून टाकते. बाई विधवा असेल तर संजय गांधी निराधारचा अर्ज विधवा म्हणून करा, आजारावर करू नका. पैसे तेवढेच मिळतात.

ही 2023 ची गोष्ट, लाडकी बहीण यायच्या आधीची. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा नववीत, मी ब्लाउज शिवते. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, आपला आजार ह्या योजनेत बसतो. बसतोच. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारामुळे ज्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही ते पात्र, असं योजनेत लिहिलेलं आहे. आधी महिना हजार मिळायचे, त्या जुलैपासून दीड हजार झाले. मी आजाराचं नाव वाचलं आणि खूश झाले. पुढचं ‘चरितार्थ चालवता येत नाही’ हे वाचलंच नाही. माझे चार महिने तिथेच गेले.

आधार, रेशनकार्ड, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, हे सगळं सेतूत झालं. उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात घर चालवणारं कोणी असेल तर मला त्याच्याकडे शिकवणी लावायची आहे. पण त्या वर्षी शिलाई इतकी बसलेली की दाखला मिळाला.

मग तहसील कचेरीची खिडकी. माझ्या मागे दहाबारा माणसं, त्यात दोन आमच्याच गावची. कारकुनाने अर्ज उलटापालटा केला आणि विचारलं, “आजार कोणता?” मी काही बोलले नाही. हॉस्पिटलचा कागद आत सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तो वाचायला लागला, “एच आय...” आणि थांबला. खोटं कशाला बोलू, पुढचं तो हळू आवाजात बोलला. म्हणाला, “ह्यात नुसतं उपचार चालू आहेत असं लिहिलंय. काम करू शकत नाही असं पाहिजे. वर सही पण मोठ्या साहेबांची लागेल.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझं एआरटीचं पुस्तक उघडलं, व्हायरल लोडचा रिपोर्ट बघितला. त्यावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं होतं. म्हणाले, “ताई, वजन वाढलंय, विषाणू रिपोर्टात दिसत नाही, मशीन चालवता. तुम्ही काम करू शकत नाही असं मी कसं लिहू? खोटं होईल ते.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. नऊ वर्षं रात्री नऊला गोळी घेतेय मी. लग्नकार्यात भर पंगतीतून उठून मोरीत जाऊन घेतलीय. तो रिपोर्ट माझ्यासाठी मार्कशीट होता, आणि नेमका तोच आडवा आला.

परत कचेरी. “हे चालणार नाही.” परत दवाखाना, “डॉक्टर रजेवर आहेत.” परत दवाखाना, डॉक्टरांनी ‘आजन्म उपचारांची गरज आहे’ एवढं वाढवून दिलं. परत कचेरी. एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस साहेब मीटिंगला. पाचव्या की सहाव्या खेपेला कारकून म्हणाला, “बऱ्या आहात ना? मग पगार कशाला पाहिजे?” आमच्याकडे ह्या पैशांना पगारच म्हणतात. मला उत्तर सुचलं नाही. रात्री झोपताना चांगली चार सुचली.

त्या दिवशी एसटीत बसल्यावर एक विचार डोक्यात आला तो लिहायला लाज वाटते. सहा महिने गोळ्या बंद केल्या तर कागद आपोआप मिळेल. गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो, हे मला काउन्सेलरइतकंच पाठ आहे. तरी विचार आला. दुसऱ्या कुणाच्या मनात येत असेल तर त्याने आधी सेंटरला जाऊन बोलावं, नाहीतर 1097 ह्या एड्स हेल्पलाइनला फोन करावा. तो फुकट लागतो आणि नाव सांगावं लागत नाही.

एसटीवरून आठवलं. एचआयव्ही असलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. पण त्याचं कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं, आणि आमच्या रूटचा कंडक्टर माझ्या भावजयीच्या गावचा. त्याच मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. मी ते काढायची आणि गप बसायची.

सुटका केली ती गटातल्या एका ताईने. महिन्यातून एकदा आम्ही पॉझिटिव्ह बायका जमतो, चहा होतो, कोणाच्या गोळ्यांचं काय, कोणाच्या पोराच्या फीचं काय ते बोलणं होतं. मी माझं रडगाणं लावलं. ती सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, “अगं, तुझा नवरा वारलाय ना? मग विधवा म्हणून कर की. आजार कपाळाला लावून कशाला फिरतेस?”

मी म्हटलं, यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर असेलच की. ती म्हणाली, “नसतं. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापतच नाहीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यातच मनाई आहे.” घरी येऊन पेटीतून दाखला काढला. नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांचं नाव, पत्ता. कारण कुठेच नाही. चार वर्षं तो कागद मी घडी न मोडता ठेवला होता, भीतीने.

नवीन अर्ज केला, समितीत मंजूर झाला, सात आठवडे लागले. खिडकीवर तोच कारकून होता. ह्या वेळी त्याने काहीच विचारलं नाही.

गटात एक रिक्षावाले दादा आहेत. त्यांना हा रस्ता नाही, त्यांना आजारावरच अर्ज करावा लागला. पण जुन्या काळच्या गोळ्यांनी त्यांच्या पायांच्या नसा गेल्यात, तळव्याला मुंग्या येतात, ब्रेक नीट दाबता येत नाही. डॉक्टरांना त्यांनी ‘काम करू शकत नाही असं लिहा’ म्हटलंच नाही, पायाचं काय होतं ते सांगितलं, आणि डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. त्यांचा अर्ज पुढे सरकलाय. मला हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

मुलं लहान असतील तर बालसंगोपन योजनाही बघा. एका मुलामागे महिना 2,250 आहेत आणि एकच पालक असला तरी चालतं, म्हणजे तिथेही आजार काढायची गरज नाही. तो अर्ज तहसीलला नाही, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. आता निराधारचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट बँक खात्यात येतात, तेव्हा आधार बँकेला जोडलेलं आहे ना ते आधी तपासा. माझे पहिले दोन हप्ते त्या पायी लोंबकळले. आणि कुठलाही कागद दिला की पोच घ्या, आवक क्रमांकासकट. तोंडी ‘दिलाय’ला कोणी विचारत नाही.

माझा पहिला अर्ज मात्र अजून तिथेच आहे. नवीन मंजूर झाल्यावर मी जुनी फाइल परत मागितली. म्हटलं, माझ्या संमतीशिवाय माझा आजार उघड करता येत नाही, अशी माहिती जपून ठेवावी लागते, एचआयव्हीचा 2017 चा कायदा आहे. कारकून म्हणाला, “आवक झालेला कागद परत मिळत नसतो.” मी लेखी अर्ज दिला, त्याचीही पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जाते तेव्हा खिडकीतून ते लोखंडी कपाट दिसतं. कडी तुटलीय, दार सुतळीने बांधलेलं असतं.