गोधडीची भिशी: ऑक्टोबरच्या नोंदी

४ ऑक्टोबर, नौपाडा

पाऊस उघडला की बैठक सुरू. गावाकडे हे काम उन्हाळ्यातलं, सुगी आटपल्यापासून पेरणीपर्यंतच्या मोकळ्या दिवसांचं. ठाण्यात ते जमत नाही. मे महिन्यात अर्ध्या बायका गावी असतात, उरलेल्या घामाने निथळत असतात. ओल्या बोटांत सुई सरकत नाही आणि फिक्या कापडावर घामाचे पिवळे डाग धरतात. म्हणून इथला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, पण चार महिने कपाटात दमटलेल्या साड्यांना असं ऊन परत मिळत नाही.

रीत भिशीची. पैशांऐवजी हात जमा होतात. चिठ्ठी निघते, जिचं नाव येईल तिची गोधडी त्या महिन्यात सगळ्यांनी मिळून शिवायची. साड्या, दोरा, काठाचं कापड तिचं. चहा सोडून बाकी काही तिने करायचं नाही, हा नियम मुद्दाम केलेला आहे. नाहीतर बैठक साबुदाणा वड्यांची होते आणि तेलकट बोटं कापडाला लागतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका वाकळ म्हणतात, बाकीच्या गोधडी. नावावरून कधी वाद होत नाही. वाद होतो तो कापडावरून.

५ ऑक्टोबर

आज फक्त कापड पाहणं.

आठवणीची साडी म्हणून जे काही पुढे येतं त्यातलं निम्मं गोधडीच्या कामाचं नसतं. आधी सूत की भेसळ ते बघायचं. पदरातला एक धागा ओढून पेटत्या काडीला लावायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून आखडतं आणि टोकाला कडक मणी धरतं. भेसळीच्या धाग्यात दोन्ही दिसतं. हे बघायचं कारण धुलाईत कळतं: सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही. एकाच गोधडीत दोन्ही घातली तर पहिल्या धुण्यानंतर आटलेला थर न आटलेल्याला ओढतो आणि सगळीकडे चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

दुसरी परीक्षा अंगठ्यांची. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आडवं ताणायचं. मऊपणाने ताण घेतला तर ठीक, टर्र झालं तर ती साडी वरच्या थरात नको. नुसती विरलेली असेल तर आत चालते, फाटत असेल तर आतही नाही, कारण आत फाटलेलं कापड गोळा होऊन गाठीसारखं हाताला लागतं. जरीचा काठ काढून टाकायचा. जर काळी पडते, टोचते आणि काठ साडीच्या पोतापेक्षा वेगळा आटतो.

रंग जातो का, हे बघायला पांढरं फडकं ओलं करून साडीवर घासायचं. लाल आणि गडद निळ्याला जास्त जपायचं. "मिठाच्या पाण्यात घाला, रंग पक्का होतो" हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. मीठ रंगवताना उपयोगी पडतं; रंगवून झालेल्या, रंग सोडणाऱ्या कापडाला त्याने फारसं काही होत नाही. तीन वेळा वेगळं धुवा, चौथ्यांदाही पाणी रंगीत आलं तर त्या साडीचं पायपुसणं करा.

नवं कापड लागलंच तर भिवंडीच्या मागांवरचं कोरं मांजरपाट चांगलं, पण त्यात खळ असते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा धुतल्याशिवाय ते बैठकीत आणायचं नाही. खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते. उल्हासनगरहून जीन्सच्या कात्रणांच्या थैल्या स्वस्त मिळतात आणि दिसायलाही झकास, पण हाताने शिवायला नकोत. जीन्सच्या दोन थरांतून चार तास सुई काढली की अंगुस्तान असूनही मधलं बोट दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही.

११ ऑक्टोबर

माप. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण गोधडी शिवताना उलट करायचं: पाय बघून अंथरूण.

नऊवारी लुगडं ९ वारांचं, म्हणजे ३२४ इंच. त्याच्या आडव्या चार घड्या केल्या की ८१ इंचांचे चार थर एकाच लुगड्यात बसतात, कुठे जोड नाही. लुगड्याच्या लांबीत गोधडी आधीच मोजलेली असते. आताच्या साडीचं तसं नाही. नावाला पाचवारी, मोजली तर साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. तीन घड्या केल्या तर ७२ इंच. त्यात मोठ्या माणसाचे पाय उघडे. दोन केल्या तर १०८, फार लांब. म्हणून ८४-८४ इंचांचे दोन तुकडे कापायचे आणि ४८ इंचांचा उरलेला तुकडा वरच्या ठिगळांसाठी ठेवायचा. अशा दोन साड्यांत चार थर होतात, ४५ बाय ८४. मुंबई-ठाण्याच्या थंडीला चार पुरेत. सहा थरांची गोधडी नाशिककडे ठीक, इथे ती वर्षभर माळ्यावर पडते.

रुंदी वाढवायची तर जोड आले, आणि चारही थरांचे जोड एकावर एक आले की तिथे दांडा तयार होतो. प्रत्येक थराचा जोड आधीच्यापासून चार बोटं सरकवायचा.

बाळाच्या दुपट्याला ३६ बाय ३६, दोनच थर. वर ना बटण, ना टिकली, ना लोंबती लेस.

१२ ऑक्टोबर

सोसायटीचा हॉल सकाळी रिकामा मिळाला. आज अंथरणं. गोधडी बिघडते ती याच दिवशी. ते कळतं मात्र पंधरा दिवसांनी.

फरशी पुसून कोरडी करायची. खाली सतरंजी नको! तिसऱ्या टाक्याला सुई सतरंजीतून जाते आणि तासाभराने गोधडी उचलायला गेलं की सतरंजीही सोबत उठते. सगळ्यात खालचा थर उलट बाजू वर करून टाकायचा, चारही कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवायच्या. ताठ करायचा, पण ताणायचा नाही. ताणलेलं कापड पट्टी काढल्यावर मागे जातं आणि पाठीमागे झोळ धरतं. मग एकेक थर. दोघींनी समोरासमोर धरून अलगद सोडायचा आणि मधून कडेकडे तळहात फिरवत हवा काढायची. बोटांनी ओढायचं नाही, तळहातानेच. कडेला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की थर हलत नाहीत. खेड्यात याच कामाला वरवंटा असायचा.

मग कच्चे टाके. चार-चार बोटांवर लांब टाक्यांच्या ओळी. आधी मधून उभी आणि आडवी, मग दोन कर्ण, मग बाकीच्या. सेफ्टी पिनाही चालतात, पण पावसाळ्यात ठेवलेल्या पिना गंजतात आणि सुती कापडावरचा गंजाचा डाग निघत नाही. कच्चा दोरा पांढराच घ्यावा. लाल दोरा दिसायला सोपा, पण उसवल्यावर भोकाभोवती कधीकधी गुलाबी ठिपके राहतात.

ओळी आखायला दोरीला शिंप्याचा खडू माखायचा, दोन टोकांना दोघींनी धरायची आणि मध्ये टिचकी मारायची. एका टिचकीत ८४ इंचांची सरळ रेघ. बॉलपेन कधीच नाही.

१८ ऑक्टोबर

आजपासून धावदोरा, म्हणजे वरखाली पुढे जाणारे साधे टाके.

एकेक इंचावर ओळ धरली तर ४५ ओळी, प्रत्येक ८४ इंचांची. म्हणजे १०५ वार शिवण. इंचाला चार टाके धरले तर पंधरा हजारांवर. दोरा थरांतून वरखाली जातो, गाठी आणि टोकं वाया जातात, म्हणून दीडशे ते पावणेदोनशे वार हाताशी हवा. तो सुतीच घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हीच त्याची खोड: ताण आला की दोऱ्याऐवजी जुनी साडी कापली जाते. तुटायचंच असेल तर दोऱ्याने तुटावं. टाका पुन्हा घालता येतो. एका वेळी दीड हात दोरा. त्याहून लांब घेतला की पिळा पडतो, गुंता होतो आणि शेवटचा वीतभर झिजून केसाळ होतो. मेणावरून एकदा ओढून घेतला की निम्मा त्रास कमी. गाठ वर दिसू द्यायची नाही. वरच्या थरातून हलका झटका देऊन आत घ्यायची.

सुरुवात कुठून, यावर दोन पंथ आहेत. जुनी रीत कडेपासून गोल गोल आत येण्याची. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी हा मूळ आफ्रिकन वंशाचा समाज आहे; तिथल्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही असंच कडेकडून मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांना छोट्या घड्यांची 'फुला' लावतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या एकमेकींना धरून बसतात, त्यामुळे तिथे हे जमतं. पण आत नवं, फुगीर अस्तर घातलं असेल तर कडेकडून येताना सगळी ढिलाई मध्ये जमते आणि पोटावर फुगा येतो. तेव्हा मधूनच सुरू करून बाहेर जायचं. एका जागी बसून सरळ ओळी घालणाऱ्या गटालाही मधूनच बरं पडतं, दोन्ही बाजूंना बायका बसू शकतात.

खरी अडचण हातांची. प्रत्येकीचा हात वेगळा. घट्ट हाताची ८४ इंचांची ओळ ८१ वर येते, सैल हाताची ८३ वर राहते. दोन घट्ट हात एका बाजूला आणि दोन सैल हात दुसऱ्या बाजूला बसले की गोधडी एका अंगाला आखूड होते, सुपासारखी. ती पुन्हा चौकोनी होत नाही, कापूनच सारखी करावी लागते आणि ठिगळांची नक्षी कडेला अर्धवट तुटते. म्हणून बसवताना मैत्रिणी-मैत्रिणी शेजारी नाहीत. एक घट्ट, एक सैल, एक घट्ट. पूर्ण ओळ एकाच हाताची; मध्ये दुसरीने सुई घेतली की टाक्याची लांबी बदललेली दिसते, अगदी तीन हात अंतरावरूनही. डावखुरी असेल तर ती समोरच्या बाजूला, म्हणजे कोपर कोपराला लागत नाही.

ओळ संपली की गाठ मारायच्या आधी एका हाताने सुरुवातीचं टोक दाबायचं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ओळीवरून शेवटापर्यंत दाबत न्यायचा. आखडलेले टाके कुरकुरत मोकळे होतात, दोरा दोन-अडीच इंच आत जातो, मग गाठ. एवढं केलं तर घट्ट हाताची ओळही ८३ वर येते. नव्या मुलींना ही पायरी फालतू वाटते. "काकू, छान घट्ट बसलंय की!" बसलंय खरं. तिथेच तर घोटाळा आहे.

२५ ऑक्टोबर

बसलेला हात तासाला दोन ओळी घालतो. चौघी तीन तास बसल्या तर २४ ओळी. दोन बैठकांत गोधडी होते. पहिल्या तासाच्या ओळी उत्तम, तिसऱ्या तासाच्या नागमोडी. तासाने उठून पाच मिनिटं चालायचं, नाहीतर गुडघे आणि मान दोन्ही बोलतात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्याकडे दुपटी आणि काठ, खुर्चीवरचं काम.

काठाला जुनी साडी वापरायची नाही. गोधडी आधी विरते ती कडेलाच, गळ्याशी ओढून ओढून. नवं धुतलेलं सुती कापड अर्धा मीटर पुरतं. घेर २५८ इंच, कोपरे आणि शेवटचा जोड धरून २७०. अडीच इंच रुंदीच्या सात पट्ट्या, जोड तिरके. उरेब, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना लागते. सरळ कडेला ती ताणली जाऊन लाटा येतात. कोपऱ्यापासून पाव इंच आधी थांबायचं, पट्टी वर उभी दुमडायची, मग खाली वळवायची. पाव इंच विसरलं की कोपरा कुत्र्याच्या कानासारखा दुमडतो.

सुया मोजूनच बाहेर काढायच्या आणि मोजूनच आत ठेवायच्या. वहीत आकडा: १२. उठताना ११ भरल्या तर कुणीही घरी जात नाही, वॉचमन कितीही किल्ल्या वाजवू दे. आधी चुंबक फरशीवर, मग गोधडीच्या दोन्ही बाजूंवरून, सगळ्यात शेवटी पदरांत आणि ओढण्यांत. बहुतेक वेळा ती पदरातच टोचून ठेवलेली सापडते. पदरात सुई टोचायला बंदी आहे. बंदी मोडणाऱ्या बहुधा सगळ्यात जुन्या असतात.

२६ ऑक्टोबर

विक्रीला ठेवलेल्या दोन गोधड्यांना गिऱ्हाईक आलं आणि गेलं. "जुन्या साड्यांचीच तर आहे" हे वाक्य ठरलेलं. नुसत्या धावदोऱ्याचे बावीस-तेवीस तास, त्यावर कापणं, अंथरणं, काठ. जुनी साडी त्यात सगळ्यात स्वस्त असते. घासाघीस करणाऱ्याला गोधडी उलटी करून पाठ दाखवायची. पाठीचे टाके पुढच्याइतकेच सारखे असतील तर किंमत सांगावी, नसतील तर खरंच कमी करावी. संक्रांतीच्या वाणाला उरल्या तुकड्यांचे बटवे आणि गरम भांडी धरायची फडकी हातोहात जातात. हॉलचं भाडं त्यातूनच निघतं.

घेणाऱ्याला चिठ्ठी द्यायची: थंड पाणी, सौम्य साबण, पिळू नये. ओली गोधडी दोघांनी उचलावी. एका दोरीवर टाकली तर पाण्याच्या वजनाने मधोमध खेचली जाते. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधून पसरावी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, ठाण्याच्या पावसाळ्यात आतून काळे ठिपके येतात. सुती पिशवी आणि वाळलेला कडुनिंब. दर दोन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड चिरतं.

नोव्हेंबरच्या चिठ्ठीवाल्या ताईंच्या साड्या आल्या. पाच आहेत. दोन सुती, एक भेसळीची, एक जॉर्जेट, एक कडक खळीची. जॉर्जेट आणि भेसळीची परत. खळीची भिजत घालायला सांगितली आहे.