संस्थेची जुनी फाईल काढताना : माझा अनुभव

‘आपण मागितलेला अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ या एका ओळीनं माझा इतका वेळ खाल्ला आहे की आता ती पाठ झाली आहे. जुन्या संस्थेची कागदपत्रं काढायची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांनी तरी लवकर सुटावं, म्हणून लिहिते आहे.

आमची संस्था छोटी आहे. ऊसतोडीला जोडप्यांनी जायचं आणि लेकरं मागं राहायची, आजीकडं, काकूकडं, मामीकडं. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघाले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, आई-बाप दिसत नाहीत. शाळेत ‘आई-वडिलांची सही आणा’ म्हणायचे आणि आजीचा अंगठा चालायचा नाही. अशा अडलेल्या बायका महिन्यातून एकदा देवळात बसायला लागल्या, तीच आमची सुरुवात. पुढं आई-वडील दोघंही गेलेली मुलं सांभाळणारे नातेवाईक आले, कोविडनंतर तर फारच आले. मी स्वतः मावशी म्हणूनच आले होते, बहिणीच्या दोन मुलींना घेऊन. बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशी मुलं सांभाळायला मिळणाऱ्या महिन्याच्या सरकारी मदतीचा, फॉर्म भरायला आलेली बाई सचिव होऊन बसली, असं आमचे अध्यक्षभाऊ सगळ्यांना सांगतात.

स्थापनेला पंचवीस वर्षं होऊन गेली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. पहिले सात सभासद कोण, नोंदणी कधीची, संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, काय लिहिलं होतं, एवढंच हवं होतं. मूळ प्रमाणपत्र एका संस्थापकांच्या ट्रंकेत होतं, तिथं वाळवी लागली. हातात एक झेरॉक्सची झेरॉक्स होती. त्यावर नोंदणी क्रमांकातला ‘एफ’ दिसत होता, पुढचा आकडा अर्धा शाईत बुडालेला.

आता मुख्य अडचण. आमची नोंदणी जिल्हा फुटायच्या आधीची. १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशीम झाले, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर. आमचाही अशातलाच एक जिल्हा, नाव घेत नाही. नोंदणी जुन्या जिल्ह्यात, संस्था नव्या जिल्ह्यात. अशा संस्थांची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. नव्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेलं की, ‘मॅडम, तुमचं रेकॉर्ड जुन्या जिल्ह्यात असेल.’ जुन्या जिल्ह्यात गेलं की, ‘विभाजनानंतर सगळ्या नस्त्या तिकडं वर्ग केल्यात.’ नस्त्या म्हणजे फायली. दोन्हीकडची माणसं बोलायला गोड. एकानं तर चहा पाजला आणि चहा संपल्यावर तेच वाक्य पुन्हा सांगितलं. नक्कल अर्ज द्यावा तर नोंदणी क्रमांक लिहा म्हणतात. क्रमांक हवा म्हणूनच तर नक्कल मागतेय, हे खिडकीतल्या माणसाला समजावताना मागच्या रांगेतले लोक हसले. मला तेव्हा हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. पंचवीस वर्षांचं रडगाणं दीडशे शब्दांत बसत नाही, पण बसवलं. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं, वर लिहिलंय तेच. खरं तर कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडं असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडं पाठवायचा असतो आणि तसं अर्जदाराला कळवायचं असतं. हे कलम मी वाचून दाखवलं तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘अपील करा ना.’ केलं. वीस रुपयांचं तिकीट लावून. सुनावणीत सांगण्यात आलं की प्रमाणित नकलेसाठी वेगळी तरतूद आहे, तिच्याप्रमाणे अर्ज करा. म्हणजे फिरून पहिल्याच खिडकीवर, क्रमांकाचा रकाना घेऊन.

इथं बरेच जण सोडून देतात. आमच्या कार्यकारिणीतही दोघं म्हणाले, ‘ताई, स्मरणिकेत फोटोच टाका, इतिहास कोण वाचतंय?’ पण मला तोवर इतिहासापेक्षा त्या फायलीचीच जास्त खुन्नस बसली होती.

सुटलं ते एका साध्या गोष्टीनं, आणि ती मला सुचली याचा मला अभिमान आहे. मी फाईल मागायचं सोडलं आणि यादी मागितली. फायली एका कार्यालयातून दुसऱ्याकडं गेल्या असतील तर सोबत यादी असणार, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असणार. ‘विभाजनानंतर वर्ग केलेल्या नस्त्यांची यादी’, एवढाच अर्ज, त्यात आमच्या संस्थेचं नावही घातलं नाही. यादी कुणालाही अडचणीची नसते, त्यामुळे ती मिळाली, दोन रुपये पान या दरानं. त्यात आमच्या गावच्या भजनी मंडळाची फाईल होती, तालमीची होती, आमची नव्हती. म्हणजे आमची फाईल गेलीच नव्हती. ती यादी घेऊन जुन्या जिल्ह्यात गेले, पानावर बोट ठेवलं आणि गप्प उभी राहिले. अभिलेख कक्षातल्या शिपाईमामांनी वरच्या मांडणीतून गठ्ठा काढला. कुणी मुद्दाम दडवलं होतं असं नाही, कुणी पाहिलंच नव्हतं.

मधेच आठवलं म्हणून सांगते: नकलेच्या आधी अवलोकनाचा अर्ज द्या. फाईल डोळ्यांनी बघितली की कोणती पानं हवीत ते कळतं. माहिती अधिकारात अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, आणि तासाभरात पुष्कळ बघून होतं. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. ‘ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून जाऊ नका.

फायलीत काय निघालं? सात नावं निघाली, त्यातली पाच पुरुषांची. देवळात बसणाऱ्या आज्यांपैकी एकीचंच नाव, तेही आडनाव चुकवून. उद्देशांच्या कलमात वाचनालय, क्रीडा स्पर्धा, वृक्षारोपण, सामुदायिक विवाह असं सगळं. टंकलेखकाकडं एक तयार मसुदा असायचा, तो सगळ्यांना लागायचा. नातवंडं सांभाळणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. त्याहून वाईट म्हणजे परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, आजही तेच सात जण विश्वस्त, आणि त्यातले चौघं वारलेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. आमच्याकडं बऱ्याच निवडणुका झाल्या, बदल अर्ज एकही पुढं गेलेला नाही. बँकेला, अनुदानाला, सगळीकडं हाच उतारा लागतो. म्हणून इतिहास राहिला बाजूला आणि आधी विलंब माफीचा अर्ज, सूचना, ठराव, संमतीपत्रं यांची जुळवाजुळव झाली. ती वकिलांनी करून दिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इतिहास शेवटी इतिवृत्ताच्या वह्यांतच सापडला. पाटीपेन्सिलीला पैसे गोळा केल्याची नोंद, मुख्याध्यापकांना भेटायला कोण कोण जाणार त्याचा ठराव, खाली अंगठ्यांची रांग. बालसंगोपनाचे महिन्याचे ४२५ रुपये असताना कुणाचे किती महिने थकलेत याची यादी, पुढं ११०० झाल्याची, आणि २०२३ मध्ये २२५० झाल्यावर पेढे वाटल्याची नोंद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मूल ज्याच्या ताब्यात आणि सांभाळात आहे तोही पालक धरला आहे. ते कलम कुणीतरी वहीत जसंच्या तसं उतरवून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेच पान मी स्मरणिकेत छापायला दिलं.

बदल अर्जाला तारीख लागली आहे. वारलेल्या विश्वस्तांचे मृत्यू दाखले मात्र आधीच काढून ठेवा. एक संस्थापक लेकीच्या गावी वारले होते आणि दाखला जिथं मृत्यू झाला तिथल्याच ग्रामपंचायतीतून निघतो, त्यासाठी मला तिसऱ्याच जिल्ह्यात जावं लागलं. तिथल्या ग्रामसेवकांनी पाच मिनिटांत दिला.