सहा अक्षरे आणि सातवा पाहुणा : चौथ्या आठवड्याची नोंद

ए, ई, आय, एन, आर आणि टी या सहा इंग्रजी अक्षरांत एकेक अक्षर मिसळून सात अक्षरी शब्द शोधण्याचे काम चौथ्या आठवड्यात आले आहे. मूळ सहांपासून ‘रेटिना’ आणि ‘रिटेन’ हे शब्द होतात. स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळात ही अक्षरे प्रत्येकी एकाच गुणाची असली, तरी १०० टाइल्सपैकी (अक्षरांच्या सोंगट्यांपैकी) तब्बल ४८ त्यांच्याच आहेत, आणि हातातल्या सातही टाइल्स एका खेळीत लावल्यास ५० गुण जास्तीचे मिळतात. म्हणून आरंभासाठी हाच संच निवडला.

या आठवड्यात सर्वाधिक वेळ जी या अक्षराने घेतला. जी दिसताच मन आय आणि एन यांना त्याच्याशी जोडून शेवटी ‘इंग’ लावून मोकळे होते. ‘टेअरिंग’ त्यामुळे लगेच सापडला, पण ‘इंग’ एकदा जागेवर बसले की उरलेली चार अक्षरे त्याच्या पुढेच घोटाळत राहतात. जी मुद्दाम पहिल्या जागी ठेवला तेव्हा ‘ग्रॅनाइट’ दिसला. ‘इनग्रेट’साठी मात्र दोन दिवस गेले. त्यामानाने पी सोपा गेला : शेवटी ‘ईआर’ लावून ‘पेंटर’, आरंभी ‘आरई’ लावून ‘रिपेंट’, आणि तिसरा ‘पर्टेन’.

खरी अडचण कानाची आहे, असे माझे मत होत चालले आहे. आपण शब्द उच्चाराने लक्षात ठेवतो, त्यामुळे ‘इनर्शिया’मध्ये टी आहे हे कान सांगतच नाही, आय अक्षराची जागा माझ्या वहीत तीन आठवडे रिकामी राहिली ती याच कारणाने. उलट, एल खाली मी मोठ्या विश्वासाने ‘इटर्नल’ लिहिला होता. त्यातही अक्षरे सातच आहेत, परंतु ती वर्णानुक्रमाने मांडल्यावर ई दोनदा आणि आय एकदाही नाही, हे उघड झाले. तेव्हापासून प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून ती ओळ शब्दाशेजारी लिहितो. दोन शब्दांची ही ओळ सारखी आली, तर ते एकाच संचाचे; यापेक्षा खात्रीची तपासणी मला ठाऊक नाही. एलचा रकाना आता ‘रिलायंट’ आणि ‘लॅट्रिन’ यांनी भरला आहे.

इतर नोंदी थोडक्यात : सी खाली ‘सर्टन’, डी खाली ‘ट्रेन्ड’ (प्रशिक्षित या अर्थाचा), ई खाली ‘ट्रेनी’, एफ खाली ‘फेंटर’, एच खाली ‘हेअरनेट’, के खाली ‘केराटिन’, एम खाली ‘मिनरेट’, आर खाली ‘टरेन’, टी खाली ‘नायट्रेट’, यू खाली ‘युरिनेट’. डब्ल्यू खाली ‘टिनवेअर’ सापडला, याचा आनंद जरा जास्तच झाला. बी, ओ आणि व्ही यांचे रकाने अजून कोरे आहेत.

पुढचा संच ‘सटायर’च्या सहा अक्षरांचा घेणार आहे. त्यात एन मिसळला की ‘रेटिना’त एस मिसळल्यावर येतात तीच सात अक्षरे होतात, तेव्हा ‘नॅस्टिअर’ आणि ‘रिटेन्स’ हे दोन शब्द नव्या वहीत पहिल्याच दिवशी उतरवता येतील.