अस्वल किती जवळून पाहिलंत?

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरून आल्यापासून भेटेल तो विचारतो, पांढरं अस्वल दिसलं का? हो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: किती जवळून? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

खूप लांबून पाहिलं. लिफ्डेफ्योर्ड या फ्योर्डमधल्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातल्या, एका बेटाच्या काठाने ते चाललं होतं. गाइडने बोट दाखवूनही मला आधी सापडेना. आजूबाजूचा बर्फ पांढराफटक आणि अस्वल सायीसारखं पिवळसर. त्या रंगावरूनच ते ओळखायचं. दुर्बीण स्थिर झाल्यावर दिसलं, की ते आयडर बदकांची घरटी हुंगत, अंडी खात पुढे सरकतंय. आम्ही होतो तेवढा वेळ त्याने एकदाही मान वळवून जहाजाकडे पाहिलं नाही. मला याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला. आपण तिथे असल्याचा त्याच्या दिवसावर काहीही परिणाम झाला नव्हता.

हे अंतर आता नॉर्वेच्या कायद्यानेच ठरलंय. 2025 च्या जानेवारीपासून 1 मार्च ते 30 जून या काळात अस्वलापासून किमान 500 मीटर आणि एरवी 300 मीटर लांब राहावं लागतं. वसंतातला नियम जास्त कडक आहे आणि तो मला मनापासून पटतो. अस्वलाची मादी बर्फातल्या गुहेत पिल्लं घालते आणि महिनोन् महिने उपाशी राहून मार्च-एप्रिलमध्ये त्यांना घेऊन बाहेर येते. नेमक्या त्याच काळात सील फ्योर्डच्या गोठलेल्या पाण्यावर पिल्लं घालतात. ते सील मारून अस्वलाने वर्षभराची चरबी साठवायची ती याच दिवसांत. पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी फ्योर्ड हल्ली पूर्वीसारखे गोठत नाहीत, म्हणजे शिकारीची जागाही आक्रसलीय. अशा वेळी फोटोसाठी कोणी जवळ गेलं आणि ती पिल्लांसह उठून निघाली, तर तिच्या तोंडचा घास जातो.

आणि माणूस या बेटांवर जवळ गेला, तेव्हा काय झालं याच्या खुणा किनाऱ्यावर अजून पडलेल्या आहेत. सतराव्या शतकात डच लोक इथे देवमासे मारून चरबी कढवत. बोहेड जातीचे ते देवमासे आजही इथे क्वचितच दिसतात. वॉलरस जवळजवळ संपलेच होते. 1952 मध्ये संरक्षण मिळालं आणि मग ते हळूहळू वाढले. अस्वलांसाठी तर बंदूक लावलेले सापळे मांडत. आमिष ओढलं की गोळी सुटे. अस्वलांची शिकार 1973 मध्ये थांबली.

जवळून काय पाहिलं म्हणाल, तर आल्केफ्येलेटचा कडा. हिन्लोपेन सामुद्रधुनीत काळे दगडी खांब सरळ पाण्यातून वर गेलेत आणि त्यांच्या कपारी-कपारीत गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे 60,000 जोड्या. घरटं नसतंच. उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. रबरी बोटीतून खाली पोचलो तेव्हा एवढा कलकलाट, की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. पक्ष्यांच्या विष्ठेचा उग्र वास, डोक्यावरून सतत ये-जा. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं, उडताही येत नसतं, आणि ते त्या कड्यावरून समुद्रात उडी टाकतं. खाली बाप वाट पाहत असतो. तिथून दोघं पोहत निघतात. आम्ही गेलो त्या जुलैत उड्यांना अजून थोडा अवकाश होता. पुन्हा गेले तर त्यासाठीच जाईन, अस्वलासाठी नाही.

मोनाको हिमनदीच्या तोंडाशीही असंच. बर्फाच्या भिंतीखालून वितळलेलं पाणी वर उसळतं, आपल्याबरोबर समुद्रातले बारीक जीव वर आणतं आणि त्यावर किटिवेक पक्ष्यांचे थवे तुटून पडतात. सगळे फोटो कोसळणाऱ्या कड्यांचे काढतात, पण खरी लगबग पायथ्याशी असते.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट. 1920 च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते आणि ही बेटं शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत. त्यामुळे शेंगेन व्हिसा डबल एंट्रीचाच घ्या, नाहीतर परतताना अडकाल. स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडला 2008 पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्रही आहे.

कॅमेऱ्याच्या आधी चांगली दुर्बीण घ्या. जहाज लहान निवडा. संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजांना आता बंदीच आहे. आणि 'अस्वल अगदी जवळून दाखवू' असं सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.